देहाची फिर्याद

चैत्र सरून वैशाख लागला की मराठी कुटुंबात ज्या ज्या विषयांवर मसलत होते त्यांची यादी केली, तर लोणच्याच्या कैऱ्या कधी आणाव्यात, माठ कोणत्या कुंभाराकडचा घ्यावा, गव्हाला ऊन देण्यासाठी पोती गच्चीवर कोणी न्यावीत आणि कूलरच्या ताट्या गतवर्षीच्या चालतील की नव्या वाळ्याच्या लागतील, या सर्वांचा यथासांग ऊहापोह झाल्याचे, प्रसंगी मतभेद विकोपाला गेल्याचे आणि सरतेशेवटी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीचा निर्णय दप्तरी दाखल झाल्याचे आढळून येईल. परंतु भाजून काढणाऱ्या या तीन महिन्यांत अंगावर काय घालावे, हा प्रश्न कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही. तो आधीच निरनिराळ्या खात्यांकडे वर्ग झालेला असतो. रंग पत्नी ठरवते, कापड दुकानदार ठरवतो, बेत शिंपी ठरवतो, आणि ते कोणत्या दिवशी घालायचे हे कोणाच्या तरी लग्नाची निमंत्रणपत्रिका ठरवते. ज्याच्यावर ते चढायचे तो देह या व्यवहारात पक्षकारच नसतो. त्याची फिर्याद दर दुपारी घामाच्या रूपाने रुजू होते आणि दर दुपारी रुमालाने निकालात निघते.

हे सर्व मी नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाला साक्षी ठेवून लिहीत आहे, कारण उन्हाळ्यावर अधिकारवाणीने बोलण्याचा हक्क ज्या मोजक्या मुलुखांना आहे त्यांत या बाजूचा मान पहिल्या पंक्तीचा आहे. पुण्यात पारा चाळिशीला टेकताच वर्तमानपत्रांतून जी हळहळ व्यक्त होते, ती वाचताना चंद्रपूरच्या माणसाला आपण एखाद्या परराष्ट्राचे वृत्त वाचत असल्याचा भास होतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो तेव्हापासूनचे, म्हणजे साधारणपणे २५ मेपासूनचे, नऊ दिवस आमच्याकडे नवतपा म्हणून ओळखले जातात. आणि पारा ४५-४६ अंशांवर ठाण मांडून बसलेला असताना त्या नऊ दिवसांत शहाणा मनुष्य दुपारी बारानंतर घराबाहेर पडत नाही. लग्नाचा मुहूर्त असेल तर मात्र पडतो, आणि अंगात कोट घालून पडतो.

आता कापडाच्या दुकानाकडे वळू. पूर्वी दुकानात पांढऱ्या गाद्या असत, छताला एक पंखा असे, आणि गिऱ्हाईक व दुकानदार एकाच हवेत घाम पुसत असल्यामुळे निदान ऋतूविषयी तरी दोघांत एकवाक्यता असे. हल्ली दुकाने वातानुकूलित झाल्यापासून जे कापड ४५ अंशांत अंगावर वागवायचे त्याची परीक्षा आपण २२ अंशांत बसून, हातात थंड पाण्याचा पेला घेऊन करतो. आणि अशा हवेत मखमलसुद्धा सुसह्य, किंबहुना आवश्यक वाटू लागते. ताग्यांमागून तागे उलगडले जातात. गिऱ्हाईक विचारते, रंग जाईल का, धुतल्यावर आटेल का, पन्हा किती, चुरगळेल का, गुडघ्यावर पोचे येतील का. या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पिढीजात ठरलेले आहे. "काकाजी, कापड फाटलं तरी रंग जाणार नाही, धुवा, वाळवा, घाला, इस्त्रीचं कामच नाही," असे दुकानदार सांगतो, आणि वस्तू जितकी अविनाशी तितकी ती उत्तम, या अद्वैताशी जवळीक असलेल्या सिद्धान्तावर सौदा पक्का होतो. हे कापड अंगावर गरम होईल का, एवढा एक प्रश्न कोणी विचारीत नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारा दुकानदार अद्याप जन्माला यायचा आहे.

कापडाची म्हणून जी एकमेव शारीरिक परीक्षा घेतली जाते तिचे स्वरूप असे, की अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कापडाचे टोक धरून ते हळूहळू चोळायचे, डोळे किंचित बारीक करायचे, आणि अर्ध्या मिनिटानंतर "हं" म्हणायचे. या "हं"चा अर्थ चोळणाऱ्याला ठाऊक नसतो, दुकानदाराला नसतो, आणि शेजारी बसलेल्या पत्नीला तर तो मुळीच मान्य नसतो. याहून प्रामाणिक परीक्षा जुन्या पिढीतले एक दूरचे आप्त करीत असत. ते ताग्याच्या कडेचे दोन धागे उपसून घेत आणि खिशातून काडेपेटी काढीत. सूत कागदाच्या वासाने जळून हलकी राख सोडते, रेशीम व लोकर जळताना केस करपल्याचा वास येतो, आणि पॉलिएस्टरचा धागा आक्रसून, वितळून, शेवटी कठीण काळा मणी बनतो. मणी दिसला की ते तो दुकानदारापुढे ठेवीत, टोपी सारखी करीत आणि उठत. काडेपेटी बाहेर निघताना पाहूनच दुकानदाराच्या कपाळावर जो घाम येई, तो पुसण्यासाठी तो उपरणे मात्र अस्सल सुताचे वापरी, ही गोष्ट मला नेहमीच उद्बोधक वाटत आली आहे.

देहाचे म्हणणे वस्तुतः फारसे गुंतागुंतीचे नाही. घाम येणे हा त्याचा दोष नसून बंदोबस्त आहे, एक ग्रॅम घामाची वाफ होताना अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते (या कॅलरी पदार्थविज्ञानातल्या, आहारशास्त्रातल्या नव्हेत, नाहीतर केवळ घाम गाळून कृश होण्याची आशा कोणी बाळगील). म्हणून त्याची मागणी इतकीच असते, की घामाला शोषून घेणारा, बाहेर जाऊ देणारा आणि वारा आत येऊ देणारा कोणी तरी वाटेत असावा. शंभर ग्रॅम कोरडे सूत साधारण हवेतून साडेआठ ग्रॅम ओलावा सहज धरून ठेवते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरीत नाही. अर्थात त्याच्याखाली जमलेला घाम ना आत राहू शकतो ना बाहेर जाऊ शकतो, आणि पाठीवरून ओघळत शेवटी कंबरेच्या पट्ट्याशी येऊन तुंबतो. या अवस्थेत मनुष्य कोणाशीही फार वेळ सौजन्याने बोलू शकत नाही, आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांतील दुपारच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी या अंगाकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

परंतु सुताचा पक्ष मान्य केला तरी सूत किती आणि कसे ल्यावे याबाबत महाराष्ट्र एकमत नाही, आणि तसा तो असूही नये. कोकणात हवाच इतकी ओली, की घामाला वाफ होऊन जायला जागाच नसते. तिथे वारा अंगाला लागू देणे हाच उपाय, आणि म्हणून कंबरेला पंचा व खांद्यावर दुसरा पंचा एवढ्यात संसार आटोपणारा कोकणी गृहस्थ वस्त्रशास्त्राचा मोठा जाणकार समजला पाहिजे. विदर्भातली हवा कोरडी, तिच्यात घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. पण ती हवा कातडीहून दहा अंशांनी अधिक तापलेली असल्यामुळे तिला अंगाशी सलगी करू देणे धोक्याचे, म्हणून इकडचा माणूस बाहेर पडताना डोके, कान, मान सगळे सुती दुपट्ट्याने लपेटून घेतो आणि फक्त डोळे तेवढे जगासाठी उघडे ठेवतो. मे महिन्याच्या सुटीत मुंबईहून आलेला भाचा बिनबाह्यांची बनियन आणि अर्धी चड्डी चढवून निघतो, लपेटलेल्या मावशीला पाहून हसतो, आणि "बाळा, कान झाक रे" ही तिची सूचना अव्हेरून चौकापर्यंत जाऊन येतो. संध्याकाळी तो कांद्याचा रस तळपायांना चोळून घेत अंथरुणावर पडलेला असतो. हीच मावशी दिवाळीनंतर दादरला जाऊन, कडक खळीचे जाड लुगडे नेसून, लोकलच्या गर्दीत "तुमच्याकडं थंडीतसुद्धा कसं उकडतं गं" असे म्हणते तेव्हा हसण्याची पाळी भाच्याची असते. मात्र वडीलधारी असल्यामुळे तो ते मनातल्या मनात उरकतो.

विदर्भाने पॉलिएस्टर ल्यावे यात एक विशेष विपर्यास आहे, कारण कापूस इथला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. त्या काळी इथल्या कापसाला जो भाव आला त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. पुढे कापसाचे शेत आणि वरोऱ्याचा कोळसा दोन्ही जवळ पडतील असा हिशेब करून जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडगिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले त्याच दिवशी, ती सुरू झाली आणि एम्प्रेस मिल हे नाव तिला मिळाले. या गिरणीत हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवण्यात आली होती. कोरड्या हवेत सुताचा धागा तुटतो. त्याला नागपूरचा उन्हाळा सोसेना, म्हणून त्याच्यासाठी दमट हवेची तजवीज करण्यात आली. धाग्याचे गाऱ्हाणे ऐकण्यासाठी विलायतेहून यंत्रे येतात, आणि तोच धागा ज्याने अंगावर घालायचा त्याने मात्र गळ्यापर्यंत गुंड्या लावून उन्हात उभे राहावे, हा पक्षपात इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

मग टेरिलिन आले. १९४१ साली इंग्लंडातल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनज्ञांनी तो धागा शोधून काढला, आणि तो शोधून काढला तेव्हा ते सुती कापड छापणाऱ्या एका कंपनीच्या चाकरीत होते. फितुरीला यापेक्षा सोयीची जागा कोणती? मँचेस्टरला जिथे ऊन हीच बातमी असते तिथे हा धागा कोणाला का चिकटेना, आपल्याला त्याचे सुखदुःख नव्हते. पण तो मुंबईच्या बंदरात उतरला आणि न चुरगळणारी विजार हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. मग सुताशी त्याचा पाट लावून टेरिकॉट निघाले, त्यात दोन भाग त्याचे व एक भाग सुताचा, आणि त्या एका भागाच्या जोरावर दुकानदार आजतागायत "कॉटनच आहे" असे शपथेवर सांगू शकतो.

टेरिकॉटचा खरा प्रसार दुकानांनी केला असे समजणे भोळेपणाचे होईल. तो आहेराने केला. लग्नात शर्टपीस मिळतो. तो न शिवता कपाटात ठेवला जातो. पुढच्या लग्नात तो दुसऱ्याला दिला जातो. तो तिसऱ्याला देतो. सावकारी पेढ्यांवरच्या हुंडीप्रमाणे हा तुकडा एका नावावरून दुसऱ्या नावावर फिरत राहतो, त्याची मुदत कधीच भरत नाही, आणि त्याचा तपकिरी किंवा फिकट जांभळा रंग दुकानदाराने दिलेल्या वचनाप्रमाणे खरोखरच जात नाही. अविनाशी वस्त्राची जी थोरवी दुकानात ऐकली तिचा प्रत्यय इथे येतो. क्वचित एखाद्या घरी गैरसमजाने तो शिवला जातो आणि घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पाठीवर वैशाखभर घामोळे उमटते, परंतु असे अपघात विरळा. ज्या लग्नात तो दिला जातो त्या लग्नातला नवरदेव स्वतः मखमली शेरवानीत असतो, नवरी जरीच्या शालूत असते, वरमाया पैठणीत असतात, आणि मंगल कार्यालयात बाकी सगळे गरमागरम वातावरण असताना जेवणच काय ते निवालेले असते.

केवळ विलायती धाग्याला दोष देऊन मोकळे होणे मात्र अन्यायाचे, कारण देहाची कैफियत फेटाळण्याचा शिरस्ता आपल्या घरातही जुनाच आहे. सोवळ्याच्या शास्त्रात सुती वस्त्र धुऊन, कोणाचा स्पर्श होऊ न देता वाळवले तरच शुद्ध. त्या मानाने रेशीम आणि लोकर जात्याच पवित्र. त्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या दुपारी, बाहेर जमीन तापून तव्याला आली असताना, आजोबा रेशमी मुकटा नेसून पूजेला बसत, आणि आत चुलीपुढे आत्याबाई अंगाभोवती लोकरीची धाबळी गुंडाळून पुरणपोळ्या लाटीत. लोकरीची धाबळी, आखाजीला, चुलीपुढे! ओलावा धरण्याच्या कामी लोकर सर्व धाग्यांत श्रेष्ठ आहे, शंभराला सोळापर्यंत तिची मजल जाते, हे प्रमाण तेव्हा कोणी पुढे केले असते तर आत्याबाईंनी ते मान्यही केले असते. पण आधी त्याला आंघोळ करून यायला सांगितले असते.

यापेक्षाही दृढ सोवळे वकिलांचे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स १६८५ च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच्या सुतकात तिथल्या वकिलांनी काळे झगे चढवले, असे सांगतात; काहींच्या मते ते सुतक १६९४ साली निवर्तलेल्या दुसऱ्या मेरी राणीचे. मृत व्यक्तीविषयी असा वाद असला तरी सुतक चालू आहे याविषयी वाद नाही. आपल्याकडे सख्ख्या बापाचे सुतक दहा दिवसांत फिटते. या परक्या राजाचे अथवा राणीचे तीन शतके उलटली तरी चंद्रपुरात मे महिन्यात पाळले जात आहे. बार कौन्सिलच्या नियमांनी उन्हाळ्यापुरती खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती उठवली आहे हे खरे, पण कोटाशिवायच्या वकिलाला पक्षकार मुनीम समजतो आणि फी त्या मानाने सांगतो, म्हणून सवलत कागदावर राहते. उच्च न्यायालयाला ती सवलत नाही. त्याने मे महिन्यात सुटीच घेऊन प्रश्नाचा निकाल मुळातूनच लावला आहे. काळ्या रंगाच्या बचावासाठी एक पुरावाही उपलब्ध आहे: वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे का घालतात याची परीक्षा काही शास्त्रज्ञांनी केली आणि १९८० साली असे प्रसिद्ध केले, की काळा झगा ऊन अधिक शोषतो खरा, पण ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचण्यापूर्वीच वाऱ्यावर निघून जाते आणि आतला माणूस पांढऱ्या झग्यातल्या माणसाइतकाच तापतो. हा निवाडा वकीलबंधूंनी अवश्य उद्धृत करावा. मात्र बदाऊनी माणसाचा झगा ऐसपैस असतो, आत वारा खेळतो, आणि गळ्याशी पांढरी पट्टी आवळून त्याला तारखेमागून तारखा मागाव्या लागत नाहीत, हा भेद प्रतिपक्षाच्या ध्यानात येणार नाही अशी आशा धरावी लागेल.

अलीकडे सुखवस्तू मंडळींत लिननचे प्रस्थ माजले आहे. कापड खरोखर उत्तम, अंगाला थंड, ओलावा सुताहून अधिक धरणारे. किंमत विचारली की प्रथम जो घाम येतो तोही ते चटकन शोषून घेते. ते ज्या झाडाच्या देठातून निघते ते झाड म्हणजे आपले जवस. आम्ही विदर्भात त्याचे बी भाजून, तिखट-मीठ घालून चटणी कुटली आणि भाकरीशी खाल्ली. युरोपातल्या लोकांनी त्याच जातीच्या झाडाचे देठ पाण्यात कुजवून सूत काढले आणि ते आम्हाला हजारो रुपयांना विकले. चटणी उत्कृष्ट असते याबद्दल दुमत नाही, पण व्यवहारात कोण पुढे गेले हेही उघड आहे. लिनन सुतापेक्षाही जास्त चुरगळते, आणि इथे समाजाच्या न्यायबुद्धीचा खरा कस लागतो: कारकुनाचा सुती सदरा चुरगळला तर तो गबाळा ठरतो, आणि साहेबाचा लिननचा सदरा चुरगळला तर ती अभिरुची ठरते. सुरकुतीलाही कुळ लागते.

खादीवाल्यांचा पक्ष यात स्वच्छ आहे असे वरवर वाटते. हातसुताची वीण विरळ, तिच्यातून वारा जातो, आणि वर्ध्याच्या उन्हात गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसणाऱ्या महात्म्याने वेषाच्या बाबतीत देहाची बाजू जितकी ऐकून घेतली तितकी त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही पुढाऱ्याने ऐकली नाही. परंतु त्यांच्यामागून आलेल्या पुढाऱ्यांनी त्या खादीला अशी खळ घातली, की तिची सगळी रंध्रे बुजून ती अंगावर चढवण्याऐवजी अंगाभोवती उभी करावी लागू लागली.

उन्हाळ्यासाठी सर्वांत चांगले कापड कोणते, याचा निकाल असा विचार करताना एकाच दिशेने लागत जातो, आणि पंचाईत अशी की ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते म्हणजे जुनेर. शेकडो वेळा धुतलेले, खळ पार निघून गेलेले, पीळ सैल पडलेले, उजेडाकडे धरले असता पलीकडचे दिसावे इतके विरलेले सुती लुगडे किंवा धोतर याच्याइतके मृदू, घाम टिपणारे आणि वारा सोडणारे वस्त्र ढाक्याच्या विणकरांनीही विणले नसेल. घराण्यात ते सिद्ध व्हायला वर्षे लागतात. आजीचे लुगडे या पदाला पोचले की नातवाचे दुपटे होते. आजोबांची बनियन पोचली की ती मात्र आजोबांच्याच अंगावर राहते, कारण तिला पडलेली भोके ही वायुविजनाची सोय आहे, हा त्यांचा युक्तिवाद घरात कोणाला खोडता आलेला नाही. पण या वस्त्रावर समाजाने एकच कलम लावून ठेवले आहे: ते कोणाच्या दृष्टीस पडता कामा नये.

त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास, कूलरपुढे भोकांच्या बनियनमध्ये आणि विरलेल्या पंचात यजमान परमसुखात बसलेले असताना फाटक वाजते, "कोण आहे?" असे विचारीत ते आत धावतात आणि टेरिकॉटचा सदरा गळ्यापर्यंत गुंड्या लावून बाहेर येतात. पाहुणेही घरून अशाच बनियनमधून उठून, असाच सदरा चढवून निघालेले असतात. दोघे समोरासमोर बसतात. पन्हे येते. यंदा ऊन फार आहे यावर एकमत होते, गेल्या वर्षी इतके नव्हते यावरही होते. "अहो, सदरा काढून आरामात बसा की, घरचंच आहे," असे यजमान म्हणतात. "छे छे, मला सवय आहे," असे पाहुणे म्हणतात, आणि त्यांच्या कानामागून एक धार कॉलरीत उतरते. तासाभराने ते उठतात, दारापर्यंत पोचवण्याचा उपचार होतो, आणि फाटकाची कडी लागताच पाहुणे वरच्या दोन गुंड्या सोडतात. यजमानांनी तोपर्यंत सदराच काढलेला असतो.